आमची वाटचाल : शिमग्याची पिचकारी आणि समोरच्या काचेवरचा स्टिकर

शाळेची सहल झाडगावच्या मत्स्यालयात गेली होती, तिथून तू अजून परत आलेला नाहीस, असं आई म्हणायची. त्याच खुळापायी २००९ साली रत्नागिरीत दहा बाय बाराच्या गाळ्यात शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. आधी गोड्या पाण्याचेच मासे होते. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मला ढकललं ते मामांनी. म्हणजे बायकोचे मामा, मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. मी भाट्याच्या पुलाखालून बादलीने पाणी आणतो हे कळल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, खाडीच्या तोंडचं पानी कशाला? आमी भायेर जातोच, ड्रम भरून आनतो." काजळी नदीचं गोडं पाणी मिसळलं की क्षारता कशी डळमळते ते रीफ्रॅक्टोमीटरने मला नंतर दाखवलं. मामांना ते जिभेवर कळायचं. बाहेरच्या पाण्यात क्षार दर हजारी पस्तीस, कधी छत्तीस. डिझेलचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आम्ही दोघं पार्टनर होतो असं मी मानतो, कागदावर काहीच नव्हतं. (तुम्ही मात्र कागद करा. नातेवाईक असला तर आधी करा.)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ड्रमही बंद. ते दोन महिने टँकसाठी मिळणारं पाकिटातलं समुद्री मीठ आणि घरच्या विहिरीचं आरओ केलेलं पाणी. विहीर लक्षात ठेवा.

२०१२ ते २०२० धंदा बरा चालला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात आमचा सहा फुटी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खारा टँक होता, साधारण ६८० लिटर पाणी. क्लाउनफिशच्या दोन जोड्या आणि मऊ अंगाचे प्रवाळ: झोएंथिड, मशरूम, लेदर कोरल. कडक प्रवाळ आम्ही ठेवत नाही; २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, उगाच मागू नका. लॉकडाउनमुळे हॉटेल रिकामं, म्हणून जनरेटर लावलाच नाही. चार दिवस वीज नाही, पंप बंद. पाचव्या दिवशी मी पोचलो तेव्हा वास जिन्यावरच आला. मेलेलं काढलं, पाणी बदललं, टँक वाचला असं वाटलं.

जूनच्या सुरुवातीला वाळू लाल झाली. हे शेवाळ नव्हे, सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: जांभळट लाल साय, दुपारी तिच्यावर मोत्यांसारखे बुडबुडे, बोट लावलं की दुधावरच्या सायीसारखी अख्खी निघते. दिवे लागायच्या आधी बघाल तर अर्धी गेल्यासारखी वाटते, संध्याकाळी पुन्हा तेच. सायफनने ओढली, चौथ्या दिवशी परत. पुन्हा ओढली, पुन्हा परत. तीन आठवडे.

तेवढ्यात शहरातून एक दुकानदार आला. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्याने पावडर टाकली आणि चार दिवसांत वाळू पांढरी. मालक खूश. मग त्याने आदल्या आठवड्यातला लाल टँकचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, खाली मजकूर: "यांच्या पाण्यातच कीड आहे." समोरच्या काचेवर आमचा स्टिकर, फोन नंबरासकट. दोन महिन्यांत माझ्या नऊ करारांपैकी पाच गेले. एक दातांचा दवाखाना, एक शाळा, तीन बंगले. दुकानाचं भाडं द्यायला मी बायकोच्या पाटल्या ठेवल्या. ते इथे लिहू नको असं ती म्हणाली होती.

उरलेल्या चारांत डॉक्टर होते. निवृत्त, तीन फुटी टँक, २०११ पासूनचे गिऱ्हाईक. पावडर कसली ते त्यांनी डबा न बघता सांगितलं, "अँटिबायोटिक असणार. एरिथ्रोमायसिन वगैरे. सायनो जिवाणूच आहे, मरणार. पण तुझे कामाचे जिवाणूही त्याच भांड्यात आहेत. आणि माणसाला द्यायचं तर मी चिठ्ठी लिहितो, हा कोण?" मग चष्मा पुसत म्हणाले, "दोनशे कोटी वर्षांहून जुना जीव आहे. पृथ्वीवर ऑक्सिजन आणला त्याने. तो तुमच्या भांडणात पडणार नाही."

आणि त्यांनी मला स्वतःच्या टँकपाशी नेलं. कोपऱ्यात, दगडामागे, लाल.

त्यांच्याकडे वीज गेली नव्हती. दिवे नवे. खाणं मोजून. दोन्ही टँकांत समान काय, तर मी आणि माझं पाणी. घरी येऊन टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेलं किती आहे ते मोजणारा. चारशे रुपयांचं यंत्र, सेल केव्हाचे संपलेले. सेल घालून आरओचं पाणी मोजलं: शून्य यायला हवं, आलं ६२. वादळानंतरच्या कमीजास्त व्होल्टेजमध्ये बूस्टर पंप गेला होता आणि उरलेले क्षार शोषणारं रेझिन तर कधीच संपलं होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा आणि कलमांची बाग. पहिल्या पावसात खत घालतात, ते पाझरतं. पाणी तपासायच्या किटमध्ये नायट्रेट निघालं, फॉस्फेटही निघालं, म्हणजे सायनोचं खाणंच. तेच पाणी मी दर आठवड्याला दोन्हीकडे, उपचार म्हणून, ओतत होतो.

कीड नव्हती. त्या दुकानदाराचं म्हणणं खोटंच होतं. पण पाणी माझं होतं, हे मी त्या रात्री फक्त मामांना सांगितलं.

डॉक्टरांचा टँक अकरा आठवड्यांत स्वच्छ केला, पावडर न टाकता. त्यात सगळ्यात उपयोगी पडली ती पिचकारी. मुलाची, शिमग्यातली, पितळी, तीस रुपयांची मिळायची तेव्हाची. आधी उकळून घेतली, रंगाचा कण राहता कामा नये, आणि पाण्यात सोडून ठेवायची नाही, पितळेत तांबं असतं. वापरायची आणि लगेच पुसायची. (आता प्लास्टिकचीच वापरतो. तुम्हीही.) दिवे लागायच्या आधी दगडांच्या फटीत तिने झोत मारायचा, साय सुटते, दुसऱ्या हातात सायफन, खाली बारीक कापडाची पिशवी. पाणी पिशवीतून गाळून परत, साय बाहेर. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, प्रवाह पोचत नव्हता त्या कोपऱ्याकडे वळवला. जवळा धुऊन द्यायला लागलो, त्याचं पाणी टँकमध्ये गेलं की फॉस्फेटही आत गेलंच. तीन दिवस काळं कापड टाकून अंधार, आत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू, कारण साय कुजताना ऑक्सिजन खाते. मग लोहाची फॉस्फेट काढणारी गोळी, थोडी थोडी. एकदम टाकली तर कोरल मिटतात.

इथे एक सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. पाणी सुधारल्यावरही महिनाभर साय येतच राहते, तेव्हा माणूस खचतो आणि पावडरीकडे वळतो. वाळूने आणि दगडाने जुनं फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं, ते हळूहळू सुटतं. किट शून्य दाखवतं, कारण सुटलेलं ती सायच खाते. आणि नायट्रेट हट्टाने शून्यावर नेऊ नका. काही सायनो हवेतला नायट्रोजन वापरू शकतात, मग बाकीचे उपाशी आणि यांचंच फावतं. गोगलगायी तर घेऊच नका, या सायीला सहसा कुणी तोंड लावत नाही. उधारी देऊ नका.

हॉटेलात ऑगस्टमध्ये साय परत आली, आधीपेक्षा जाड. शहरवाल्याने दुसऱ्यांदा पावडर टाकली, मासे पृष्ठभागावर धापा टाकायला लागले, दोन गेले. हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. व्हॉट्सॲपवर तो फोटो कुणी टाकला नाही.

आज चौदा टँक आमच्याकडे आहेत. शाळा परत आली, दवाखाना आला नाही. मामा २०२३ मध्ये गेले. पाणी आता त्यांचा मुलगा आणतो, डिझेलचे पैसे घेतो, बरोबरच आहे. मीटरचे सेल दर संकष्टीला बघतो. स्टिकर मागच्या काचेला लावतो.

हॉटेलातल्या त्या टँकमध्ये हल्ली गोल्डफिश आहेत. स्किमर, खाऱ्या पाण्यातली घाण फेसातून काढणारा, अजून खाली कपाटात पडलेला आहे, वॉचमनने दाखवला. तो माझा आहे. साडेअठरा हजारांचं बिल २०२१ पासून बाकी आहे, प्रत माझ्याकडे आहे.