ईस्टर ते पाऊस: वसईतल्या एका घराची रोजनिशी

5 जानेवारी 2025, रविवार
जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन आज संपलं. 21 नोव्हेंबरला सुरू झालं होतं, आता पुन्हा दहा वर्षांनी. वसईकरांना ही यात्रा आपलीच वाटते, कारण झेवियर वसईतही येऊन गेले होते. ऑगस्ट 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा वसईमार्गे जाते, त्यामुळे पहाटे दादर किंवा पनवेल गाठायची दगदग वाचते. जुन्या गोव्याला सर्वांत जवळचं स्थानक करमाळी. जोडीने जाणाऱ्यांनी शेवटचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळावा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर रांगेत सकाळीच उभं राहावं, दुपारी उन्हात उभं राहणं त्यांना झेपत नाही.

5 फेब्रुवारी, बुधवार
संत गोन्सालो गार्सिया यांचा स्मरणदिन. वसईचा हा मुलगा 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर गेला आणि 1862 साली संत झाला. गासच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

घरातलं वर्षाचं वेळापत्रक आम्ही दोघं याच दिवशी ठरवतो, आणि ते ईस्टरपासून मागे-पुढे मोजून. 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा ती पौर्णिमा 13 एप्रिलच्या रविवारीच येते, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, 20 तारखेला. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही येऊ शकतो, म्हणजे यंदाचा अगदी उशिराचा. 46 दिवस मागे गेलं की 5 मार्च, राखेचा बुधवार. तिथून ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ म्हणजे प्रायश्चित्तकाळ (लेंट).

हे मोजण्यामागे घरचं कारण आहे. प्रायश्चित्तकाळात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे ईस्टर उलटला की मेभर लग्नंच लग्नं. मसाला, कौलं, लाकूडफाटा, सुकी मासळी ही सगळी कामंही रिवाजाने ईस्टरनंतरच निघतात. ईस्टर उशिरा आला की या सगळ्याला पावसाआधी मिळणारे दिवस कमी होतात. म्हणून निदान मिरची तरी यंदा प्रायश्चित्तकाळातच वाळवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रायश्चित्तात मसाल्याचा खमंग वास घरात दरवळू नये, असं जुनी माणसं म्हणतात, आणि तो मान मला पटतो. पण मिरच्या वाळवण्याला वास नसतो. भाजणं-कुटणं ईस्टरनंतर करावं.

2 मार्च, रविवार
गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे) मिळालेले झावळ्यांचे क्रूस आज चर्चमध्ये दिले. त्यांचीच राख बुधवारी कपाळावर लागेल. ती तयार करण्याच्या सेवेत असणाऱ्यांसाठी: झावळ्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, अर्धवट ओल्या जळल्या तर काळा चिकट कोळसा उरतो. पत्र्याच्या डब्यात पूर्ण जळू द्याव्यात, थंड झाल्यावर खलात घोटून मलमलीतून दोनदा गाळाव्यात. राखेत पाणी घालून लगदा करू नये. राख पाण्यात भिजली की क्षार सुटतो, आणि नाजूक कातडीला तो भाजतो. कोरडी राखच चांगली.

उपवासाचा नियम घराघरांत उगाच ताणला जातो. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस 18 ते 59 वयाच्यांनी एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी. मांस वर्ज्य 14 वर्षांपासून पुढे. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी बाई यांना सूट आहे. मधुमेहाच्या माणसाला उपाशी ठेवू नये.

21 एप्रिल, सोमवार
काल ईस्टर, आणि आज पोप फ्रान्सिस गेले. 88 वर्षांचे होते. कालच त्यांनी बाल्कनीतून आशीर्वाद दिला होता. संध्याकाळी जपमाळ त्यांच्यासाठी.

6 मे, मंगळवार
वादळ, गडगडाट, आणि पाऊस. मेच्या पहिल्याच आठवड्यात. ज्यांच्या मिरच्या अंगणात होत्या त्यांची धावपळ झाली.

भिजलेल्या मिरचीचं काय करावं, हे लिहून ठेवते. वरून नुसतं पाणी लागलं असेल तर लगेच कोरड्या पंचाने पुसून पंख्याखाली एका थरात पसरावी, ढीग करू नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावं. ऊन नसेल तर लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर, थोडी थोडी, सतत हलवत. आच वाढली की साल काळवंडते आणि मसाला कडू होतो. दोन दिवसांनी ढिगातल्या वेगवेगळ्या पाच-सहा मिरच्या मोडून आत बघावं. आत राखाडी किंवा पांढरा कापूस दिसला तर तो वाटा टाकून द्यावा. बुरशी कुटल्याने जात नाही.

10 मे, शनिवार
चार दिवस ऊन मिळालं, मसाला उरकला. आमच्या घरचं प्रमाण: मिरची 1 किलो (600 ग्रॅम काश्मिरी रंगाला, 400 ग्रॅम रेशमपट्टी तिखटपणाला), धणे 250 ग्रॅम, हळकुंड 100, तीळ 100, जिरे, मोहरी, खसखस, चणाडाळ, गहू आणि मिरी प्रत्येकी 50, दालचिनी 25, लवंग 20, वेलची आणि दगडफूल 15-15, जायपत्री आणि नागकेशर 10-10, एक जायफळ. शेजारच्या घरात हे प्रमाण वेगळं असेल आणि तेही बरोबरच असेल. गहू आणि डाळ मसाल्याला अंग देतात, रस्सा दाट होतो. तीळ-खसखस मात्र यापेक्षा वाढवू नये. त्यांचं तेल पावसाळ्यात खवट होतं आणि सगळी बाटली वाया जाते.

मिरची देठासकट वाळवावी, देठ काढून वाळवली तर बिया सांडतात. तीन-चार कडक उन्हं लागतात. आपल्याकडे समुद्राची खारी हवा संध्याकाळी ओल आणते, म्हणून सूर्य मावळायच्या आत मिरची घरात घ्यावी. रात्रभर बाहेर राहिली तर दिवसाचं ऊन फुकट जातं. मुठीत दाबल्यावर कडकन मोडली आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या की झाली. मग देठ काढावेत.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा. आधी गहू आणि डाळ, मग धणे, मग जिरे-मोहरी, मग गरम मसाल्याचे जिन्नस. तीळ तडतडले की लगेच उतरवावेत. खसखस शेवटी, आच बंद करून कढईच्या उरलेल्या उबेवर. मिरची भाजायची नाही. हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून घ्यावीत, अख्खी टाकली तर कांडपाखाली तशीच राहतात. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरून गिरणीत नेऊ नये. कोमट जिन्नस झाकले की वाफ धरते, आणि पुढे गाठी होतात त्या तिथूनच. कांडपावर सकाळचा पहिला नंबर मागावा, नाहीतर आधीच्या माणसाच्या मसाल्याची चव आपल्यात उतरते.

बाटल्या गडद तपकिरी काचेच्याच हव्यात, उजेडाने मिरचीचा रंग उडतो. धुऊन, उलट्या निथळून, दोन दिवस उन्हात. कागदाच्या नरसाळ्याने थोडा मसाला घालायचा, बाटली घडी केलेल्या गोधडीवर आपटायची, पुन्हा थोडा. अशी गळ्यापर्यंत ठासून भरली की आत हवा राहत नाही, आणि टिकण्याचं गमक तेच आहे. एका वेळी एकच बाटली फोडावी.

15 मे, गुरुवार
8 तारखेला नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे. संध्याकाळी क्रुसाकडे प्रार्थना चालू आहेत. आज कौलं.

घर शाकारताना क्रम महत्त्वाचा. आधी छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्यात, मग पन्हळीतला पाला काढावा, मग कौलांना हात लावावा. उलट केलं तर फांदी पडून नुकतंच बसवलेलं कौल फुटतं. मंगलोरी कौलावर थेट पाय देऊ नये. दोन फळ्या घ्याव्यात, एकीवर उभं राहून दुसरी सरकवावी. गळतीला लोक फुटलेलं कौल शोधतात, पण बहुतेकदा दोष सरकलेल्या कौलात असतो. रीप, म्हणजे कौल ज्या लाकडी पट्टीवर टेकतं ती, कुजली किंवा वाळवीने खाल्ली की कौलाची खाच सुटते, कौल बोटभर खाली येतं आणि वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. तेव्हा आतून दिवसा छताकडे बघावं. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे खडूने खूण करावी. दुरुस्तीला 100 कौलं लागतील असं वाटलं तर 110 आणावीत. आढ्यावरच्या कोन्यांचा (टोकाच्या कौलांचा) सिमेंट दरवर्षी तडकतो, तो खरवडून नवा भरावा. जुन्यावर थापलेला थर पहिल्याच पावसात सुटतो.

26 मे, सोमवार
मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. ईस्टरपासून आज 36 दिवस. आवारातल्या कितीतरी घरांची कौलं अर्धी उघडी आहेत, ताडपत्रीचा भाव वाढलाय.

28 जून, शनिवार
वेलांकनीच्या, म्हणजे तमिळनाडूतल्या मरियामातेच्या तीर्थाच्या, तिकिटांचा दिवस. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवसांचं आहे, म्हणजे 27 ऑगस्टला निघायचं तर आज सकाळी 8 वाजता. यंदा त्याच दिवशी गणेश चतुर्थी, तेव्हा गाड्यांना दुहेरी गर्दी. 9 सप्टेंबरच्या परतीचं तिकीट 11 जुलैला निघेल, ती तारीख भिंतीवरच लिहिली. 1 जुलैपासून तत्काळ तिकिटाला आधार जोडलेलं खातं लागणार आहे, ते दोघांपैकी एकाने आजच जोडावं. आयत्या वेळी ओटीपी येत नाही आणि तिकिटं संपतात. सणासाठी रेल्वे खास गाड्याही सोडते, पण त्या उशिरा जाहीर होतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

चेन्नईमार्गे जाणाऱ्यांनी सेंट्रलवर उतरून एग्मोर स्थानक गाठायला मध्ये चार तास ठेवावेत. नागपट्टिनमहून वेलांकनी सुमारे 12 किलोमीटर. 29 ऑगस्टला ध्वज चढतो, 8 सप्टेंबरला सण. ज्यांना शांतपणे प्रार्थना करायची आहे त्यांनी पहिले तीन-चार दिवस गाठावेत.

20 जुलै, रविवार
विहिरीचं पाणी गढूळ. ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकणं ही आपल्याकडची जुनी खोड, कमी पडली तर जंतू राहतात आणि जास्त झाली तर पाणी तोंडात धरवत नाही. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4. मापं मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये, म्हणजे तितके हजार लिटर. 2.4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर साधारण 13,560 लिटर. दर 1,000 लिटरला चांगली पावडर 2.5 ग्रॅम, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावं. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन तेवढंच विहिरीत सोडावं आणि बादली वर-खाली करून ढवळावं. चुना विहिरीत टाकू नये, पाणी जड होतं. निदान एक तास पाणी उपसायचं नाही, म्हणून हे काम रात्री. उघडून ठेवलेल्या पावडरीचा जोर उतरतो, गेल्या वर्षीची पुडी वापरू नये.

14 सप्टेंबर, रविवार
वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा आज सुरू, 21 पर्यंत. रविवारी रेल्वेचा ब्लॉक असतो, तेव्हा वसईकरांनी मधल्या वारी सकाळची मिस्सा गाठावी.

2 नोव्हेंबर, रविवार
मृतांचा दिवस. कबरी आठवडाभर आधी साफ करायला घ्याव्यात, पावसाने वाढलेलं गवत मुळासकट निघायला दोन खेपा लागतात. संगमरवरावरचे डाग काढायला ॲसिड वापरू नये, दगड खरखरीत होतो आणि अक्षरं झिजतात. साधा साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. मेणबत्त्या दगडावर चिकटवण्यापेक्षा वाळूच्या ताटलीत उभ्या कराव्यात. सासू-सासऱ्यांची कबर आणि आई-वडिलांची कबर वेगवेगळ्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) असेल तर प्रार्थनेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, म्हणजे दोघांनाही दोन्हीकडे उभं राहता येतं. हे मला फार मोलाचं वाटतं.

30 नोव्हेंबर, रविवार
आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू. गव्हाणीतल्या हिरवळीसाठी गहू 12 डिसेंबरच्या सुमाराला पेरावेत. आधी पेरले तर नाताळापर्यंत पिवळे पडून आडवे होतात.

28 डिसेंबर, रविवार
चर्चच्या ज्युबिली (पवित्र) वर्षाची आज धर्मप्रांताधर्मप्रांतांत सांगता. नव्या दिनदर्शिकेवर खुणा केल्या. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारी, ईस्टर 5 एप्रिल, यंदापेक्षा 15 दिवस आधी. मिरची मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणायची, ईस्टरनंतरच्या पहिल्या सोमवारी भाजणी, कौलं एप्रिलअखेर. रीपांसाठी सुताराला जानेवारीतच सांगायचं, मेमध्ये तो कुणालाच मिळत नाही.