भाकरी मोडते, हे चारचौघांत कोण विचारणार?

इन्स्टाग्रामवरच्या खासगी मेसेजना, म्हणजे डीएमला, मी स्वतः उत्तर देते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात शहरातल्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. बोलून झालं, चहा आला, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "अक्का, एवढे लोक तुम्हाला फॉलो करतात, मग डीएमला तुम्ही स्वतःच उत्तर देता का? का कुणी ठेवलंय? आणि देत असाल तर त्यानं फरक काय पडतो?" हाच प्रश्न मला नवी पेठेतल्या एका दुकानदारानं विचारलाय, बचत गटातल्या बायकांनी विचारलाय आणि पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा तर दर दिवाळीला विचारतो. तिथं चहाच्या गडबडीत मी अर्धवटच बोलले. आता नीट सांगते.

मी ज्वारीची भाकरी करायला शिकवते. साधी भाकरी आणि आपली सोलापूरची कडक भाकरी, दोन्ही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भाचीनं माझ्या हातांचे व्हिडिओ काढून टिकटॉकवर टाकायला सुरुवात केली होती. जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, तसे आम्ही तिकडे गेलो. पहिले काही महिने कमेंटमध्ये नुसते हात जोडलेले आणि 'मस्त', 'आईची आठवण आली'. वाचून बरं वाटायचं. पण कुणाची भाकरी जमली, कुणाची नाही, यातलं काही कळायचं नाही.

ते कळायला लागलं डीएममधून. पहिला मेसेज मला अजून पाठ आहे. रात्री पावणेबाराला आला होता. "अक्का, भाकरी थापतानाच फुटायलीय. लग्न होऊन चार महिने झाले. सासूबाईंना सांगितलंय की येते म्हणून. काय करू सांगा की." ही मुलगी कमेंटमध्ये हे कधीच लिहिणार नव्हती. तिथं तिची नणंद वाचेल, माहेरची माणसं वाचतील. सोलापुरात वाढून भाकरी येत नाही, हे कबूल करायला किती धीर लागतो ते आपल्याकडच्या बाईलाच कळेल. लोक चारचौघांत कौतुक करतात आणि अडचण कानात सांगतात. डीएम म्हणजे तो कान आहे, एवढंच मी त्या रात्री शिकले आणि आजही त्याच्यापुढं फार गेलेले नाही.

तिला मी एकच उलट प्रश्न विचारला, "पीठ कधी दळलेलं आहे?" पीठ दीड महिन्याचं होतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे एकजीव राहायचा गुण, जाते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरी धरून राहते ती विरीवर आणि गरम पाण्यानं येणाऱ्या चिकटपणावर. पीठ ताजं असेल तर कोमट पाण्यातही चालून जातं. शिळं असेल तर आधण आणून, त्यात पीठ टाकून, झाकून, उकड काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हे सगळं मी तिला आवाजात सांगितलं, टाइप केलं नाही. कारण 'एवढं मळायचं' हे लिहून कसं सांगणार? आवाजात सांगताना मी परातीत पीठ घेऊन मळत होते, तो तळहाताचा घासण्याचा आवाज तिला ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, तो आवाज ऐकून कळलं की मी फारच हलक्या हातानं मळत होते.

आणि मला काय कळलं? की माझ्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओत पीठ किती दिवसांचं असावं हे मी सांगितलेलंच नव्हतं. मला ते सुचलंच नाही. आमच्याकडे गिरणी कोपऱ्यावर, ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, आठ दिवसांपुरतं दळून आणायचं. शिळ्या पिठाची अडचण माझ्या घरात कधी आलीच नाही, तर ती व्हिडिओत कुठून येणार? पण बंगळुरूत, दुबईत, जर्मनीत बसलेली माणसं पाकिटातलं पीठ वापरतात, ते कधी दळलं कुणाला ठाऊक. त्यांच्याकडे आच नसते, विजेची शेगडी असते, लोखंडी तवा नसतो. भाकरी उलटली की ओल्या फडक्यानं कडेकडेनं दाबत जायचं, म्हणजे आचेशिवायही पापुद्रा सुटतो, ही युक्ती मी अशाच एका मुलासाठी चार दिवस स्वतः विजेच्या शेगडीवर करून शोधली. त्यावरची रील नंतर खूप चालली. तिचं मूळ त्याच्या मेसेजमध्ये होतं.

म्हणून मी वही ठेवलीय. दोनशे पानी, साधी. डीएममध्ये आलेला प्रश्न, त्याच माणसाच्या शब्दांत, तारखेसह. एकच प्रश्न पाच-सहा वेगळ्या माणसांनी विचारला की त्यावर रील करायची. पाणी फिरवल्यावर भाकरी उलटायची कधी, हा प्रश्न वहीत इतक्या वेळा आलाय की त्याचं मी वेगळं पान केलं. (उत्तर: पाणी सुकून जायच्या आत. सुकलं की तडे जातात.) विषय कुठून सुचतात, हा दुसरा नेहमीचा प्रश्न, त्याचंही उत्तर ही वहीच आहे.

भाषेचंही सांगते. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांना नवल वाटतं. माझ्याकडे मराठीत मेसेज येतात, तसे विजापूर-कलबुर्गीकडून कानडीत येतात, आणि आमच्याच पूर्व भागातून तेलुगूत. कुणाची जोळद रोट्टी, कुणाची जोन्न रोट्टे, आपली भाकरी. बहुतेक जण इंग्रजी अक्षरांत लिहितात. मला कानडी शेजारामुळे येतं, तेलुगू कामापुरतं. तरी ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत निदान पहिलं वाक्य तरी बोलायचं, हा माझा नेम आहे. उच्चार चुकतात, ते समजून घेतात. मराठीत आलेल्या प्रश्नाला इंग्रजीत ठेवणीतलं उत्तर पाठवणारी पेजेस मी पाहते तेव्हा मला वाईट वाटतं. माणूस घरच्या भाषेत बोलत आला आणि तुम्ही त्याच्याशी काउंटरवरून बोललात.

आता जे चुकलं ते. एकदा मीही यंत्र लावलं होतं. 'कमेंटमध्ये भाकरी लिहा, प्रमाण डीएममध्ये मिळेल', असं सगळे करत होते. एका मुलानं बसवून दिलं. कुणीही मेसेज केला की आपोआप उत्तर जायचं: धन्यवाद, खाली प्रमाण आहे, कडक भाकरीच्या ऑर्डरसाठी इथे दाबा. तीन दिवसांत मेसेज दुप्पट झाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी निवांत बसून वाचायला घेतलं, तर त्यात एका बाईंचा मेसेज होता. त्यांच्या सासूबाई पंधरा दिवसांपूर्वी गेल्या होत्या. घरात भाकरी त्याच करायच्या. सासरे पोळी खात नव्हते, नुसते ताटावर बसून उठत होते. बाईंनी सगळं लिहून शेवटी विचारलं होतं, "त्या पिठात मीठ घालायच्या का, मला आठवत नाही. तुमच्याकडे घालतात का?" आणि त्याखाली माझ्या नावानं गेलेलं उत्तर: धन्यवाद, ऑर्डरसाठी इथे दाबा.

मी लगेच माफी मागितली. मिठाचं सांगितलं, चुलीवरच्या भाकरीचं सांगितलं, फोन करू का विचारलं. त्यांनी ते वाचलं. उत्तर आलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. ते संभाषण मी यादीत वर पिन करून ठेवलंय, अ‍ॅप उघडलं की पहिलं तेच दिसतं. यंत्र त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

म्हणजे सगळं हातानंच करा, असा माझा हट्ट नाही. ऑर्डरचे प्रश्न, दर, कुरिअर, कडक भाकरी किती दिवस टिकते, याची तयार उत्तरं मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर साठवून ठेवलीत, तिरकी रेघ दाबली की समोर येतात. पण पाठवण्याआधी ती मी वाचते, वर नाव घालते. दर सांगायला माणूस लागत नाही. मीठ घालायचं का, हे सांगायला लागतो. आणि कोणता प्रश्न कुठला आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही. वाचणं तरी स्वतः करा, एवढंच माझं म्हणणं.

इन्स्टाग्रामवर ज्यांना आपण फॉलो करत नाही त्यांचे मेसेज वेगळ्या 'रिक्वेस्ट'च्या कप्प्यात पडतात. नवीन माणूस पहिल्यांदा धीर करून लिहितो तो तिथंच. कित्येक जण तो कप्पा महिनोन्‌महिने उघडत नाहीत आणि मग म्हणतात, लोक जोडले जात नाहीत. मी सकाळी पहिल्या चहाबरोबर तोच उघडते. त्यात घाणही असते. बाईनं स्वतःच्या नावानं पेज चालवलं की ती येतेच. त्याला उत्तर नाही, समजावणं नाही, रिक्वेस्ट स्वीकारायची नाही, तक्रार करायची आणि ब्लॉक. पुढचा मेसेज. त्यावर सकाळ घालवायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

उलट बाजूनं, मी स्वतः होऊन कुणाच्या डीएममध्ये जात नाही. 'नमस्कार, आमचं पेज बघा' असं शेकडो अनोळखी लोकांना पाठवायचं, हे मला दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरण्यासारखं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, मला त्यामुळेच आवडते. एका यादीत 256 जण, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. लोक याला अडचण म्हणतात. मला ते रास्त वाटतं, त्यानं आधी मला घरात घेतलेलं असतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही जाहीरपणे सांगितलंय की रील अनोळखी लोकांपर्यंत पोचण्यात, ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला मोठं वजन असतं. म्हणजे माझी रील कुणाच्या डीएममध्ये जायचीच असेल तर ती त्याच्या बहिणीनं पाठवावी. मी पाठवून काय उपयोग?

सावधगिरीचं एक. माझा फोटो लावून कुणीतरी दुसरं खातं काढलं आणि लोकांना डीएम करून कडक भाकरीचे आगाऊ पैसे मागितले. एका काकूंनी पाठवलेही. तेव्हापासून मी दर महिन्याला सांगते: मी स्वतःहून पैसे मागत नाही, ओटीपी विचारत नाही, आणि फसलात तर लगेच सायबर हेल्पलाइनला 1930 वर फोन करा. सोलापूरकराला हा आकडा लक्षात ठेवायला सांगावं लागत नाही. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, ते साल आहे ते.

सगळ्यात सुंदर मेसेज भाकरीचे नसतात. जानेवारीत गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची यात्रा, भरला की बाहेरगावी गेलेले सोलापूरकर लिहायला लागतात, "अक्का, नंदीध्वज निघाले का?" (म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या.) त्यांना माहीत असतं मी भाकरीवाली आहे. पण गावातलं ओळखीचं दार म्हणून माझंच आठवतं. मी मिरवणुकीत उभी राहून सातही नंदीध्वजांचा छोटासा व्हिडिओ काढते आणि ज्यांनी विचारलं त्यांना एकेकाला पाठवते. स्टोरीला टाकून मोकळं होता येतं, पण त्यांनी मला विचारलेलं असतं.

वेळ किती जातो? सकाळी पाऊण तास, रात्री जेवणं झाल्यावर तासभर. सगळ्यांना उत्तर जात नाही. वाढत चाललंय तसं राहून जातं, आणि जे राहतं ते मनाला लागतं. फॉलो करणारे पन्नास हजारांचे पाच लाख झाले तर हे जमणार नाही हे मला दिसतंय. तेव्हा भाचीला आणि कडक भाकरी करणाऱ्या आमच्या दोघी मैत्रिणींना बरोबर घेईन. उत्तराखाली ज्यानं दिलं त्याचं नाव असेल.

त्या कॉलेजातल्या मुलीला आईच्या शेंगा चटणीचं पेज काढायचंय. मी तिला म्हटलं, पहिले पंधरा दिवस नुसती उत्तरं दे, विकू नकोस. तिनं पेज काढलंय. काल रात्री तिचा मेसेज आला: "अक्का, एका आजोबांनी विचारलंय, दात नाहीत, चटणी बारीक कुटून मिळेल का. काय लिहू?" मी म्हटलं, आईला विचार, आणि आई जे बोलेल ते आईच्याच आवाजात पाठव.