कयाकवरचा लाइव्ह सोनार: हरवणारा जिग सापडला, कारणासकट

फेब्रुवारी संपत आलाय आणि टेक्सासमधल्या लेक फोर्क तळ्यावरून सांगण्यासारखं काहीतरी आहे. कयाकवर लाइव्ह सोनारचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं चित्र त्याच क्षणी स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) पोल बसवल्यापासून माझं एकच दुखणं चालू होतं, मागचे अपडेट वाचलेल्यांना ते ठाऊक आहे. स्क्रीनवर जिग (वजन लावलेला आमिषाचा गळ) दिसतो, मासाही दिसतो, आणि मासा जिगकडे वळला की नेमके दोघेही गायब. दोन-तीन सेकंदांनी जिग परत येतो, तोवर मासा निघून गेलेला. हे दुखणं आता जवळजवळ गेलंय. कारण बॅटरीत नव्हतं, केबलमध्ये नव्हतं आणि सेटिंगमध्ये तर नव्हतंच.

नव्या मंडळींसाठी सेटअप थोडक्यात. बारा फुटी पेडल कयाक, उजव्या रेलवर पोल, पोलच्या टोकाला गार्मिन लाइव्हस्कोप सोनारचा एलव्हीएस३४ ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा आणि परत टिपणारा भाग), सीटमागे त्या सोनारचा काळा डबा आणि ३० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, समोर नऊ इंची स्क्रीन. मोटर नाही. टेक्सासमध्ये पेडलच्या किंवा वल्ह्याच्या कयाकला नोंदणी लागत नाही, पण साधी ट्रोलिंग मोटर लावली तरी लागते. शिवाय मोटर आली की तिच्या वायरींचा नॉइज आणि स्क्रीनवरच्या रेघा आल्याच. मला पेडलच बरे.

मासा क्रॅपी, गोड्या पाण्यातला, खायला चांगला. फोर्कला येणारे बहुतेक जण बाससाठी येतात, आणि का येऊ नयेत? राज्याचा विक्रमी १८.१८ पौंडांचा लार्जमाउथ बास १९९२ मध्ये इथेच लागला. पण हिवाळ्यात या तळ्याची खरी मजा बुडालेल्या झाडांत आहे. १९८० मध्ये धरण होऊन तळं भरू लागलं तेव्हा कितीतरी झाडं तशीच उभी राहिली, आणि तीस फूट पाण्यात त्यांच्या फांद्यांना धरून क्रॅपी पंधरा-वीस फुटांवर तरंगत राहतात. प्लेनोहून दीड तासाची ड्राइव्ह, पण लाइव्ह सोनार शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आता मूळ प्रश्न. पहिला संशय बॅटरीवर, कारण कुणालाही विचारा, आधी तेच सांगतात. काळ्या डब्याला किमान १० व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं तर तो बंद पडेल, जिग तेवढा लपवून बाकीचं चित्र दाखवत बसणार नाही. लोड चालू असताना मल्टिमीटर लावला, १३ च्या आसपास. बॅटरी निर्दोष सुटली. मग गेन (संवेदनशीलता), टीव्हीजी (खोलीप्रमाणे सिग्नलचा जोर जुळवणारी सेटिंग), नॉइज रिजेक्ट सगळं वर-खाली करून पाहिलं. गेन ६५ टक्क्यांच्या आसपास, टीव्हीजी लो, पुढची रेंज ५० फूट, खोली ३० फूट यावर मी स्थिरावलोय आणि त्यातून बदलायला काही कारण दिसत नाही. जिग हरवत होता तो मात्र हरवतच राहिला.

मग पोल काढला आणि जेटीच्या फळीला क्लॅम्प केला. तिथे चित्र हललं नाही. झाडाची एकेक फांदी, तिच्यामधून जाणारा शॅड या छोट्या माशांचा थवा, एक सोळांश औंसाचा जिग खाली उतरताना, सगळं स्वच्छ. म्हणजे यंत्र निर्दोष, गोंधळ कयाकचा. हे कळलं तरी उत्तर मिळालं नव्हतं, कारण वारा पडलेला असताना, एका कोपऱ्यातल्या आरशासारख्या पाण्यातही जिग गायब होत होता. मी हललो की गायब. दुसरी रॉड उचलायला वळलो की गायब.

उत्तर सापडलं ते एफएम ५१५ या रस्त्याच्या पुलाजवळच्या झाडीत. कयाकच्या नाकासमोरचं झाड सोडून उजवीकडचं झाड बघायला म्हणून पोल नव्वद अंशात फिरवला, आणि मागे वळून फांदीला लावायचा चिमटा उचलला. नेहमीच्या हिशोबाने फांद्या गायब व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. मुद्दाम डावी-उजवीकडे डोललो. फांद्या जागच्या जागी. पोल परत नाकाच्या दिशेला नेला, डोललो, फांद्या गेल्या. पुन्हा आडवा, फांद्या आल्या. अर्धा तास मासा-बिसा विसरून मी एवढंच करत बसलो होतो आणि मला त्या अर्ध्या तासाचा आनंद अजून पुरतोय.

कारण असं. लाइव्हस्कोपचा बीम फॉरवर्ड (समोर बघणाऱ्या) मोडमध्ये पुढे-मागे १३५ अंश पसरलेला असतो, पण जाडीला फक्त २० अंश. कलिंगडाची उभी कापलेली पातळ फोड डोळ्यांसमोर आणा. दहा फुटांवर या फोडीची जाडी साडेतीन फूट, वीस फुटांवर सात. ट्रान्सड्यूसरच्या आत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे आणि तो बीम सावरून घेतो, म्हणून तर मोठ्या बोटीवर लाटांतही चित्र स्थिर दिसतं. पण तो सावरतो फोडीच्या पसरट दिशेत. तिथे त्याच्याकडे १३५ अंश आहेत आणि बीम कुठे वळवायचा हे त्याच्या हातात आहे. जाडीच्या दिशेत मात्र ते २० अंश ठरलेले. फोड त्या बाजूला कलली तर कलली, कुणी सावरायला नाही.

आणि कयाक कशी हलते? नाक वर-खाली फारसं होत नाही, बारा फूट लांबी आहे. डोलते मात्र सारखी, तीन फूटही रुंदी नाही. बीम नाकाच्या दिशेला असेल तर हे सगळं डोलणं जाडीच्या दिशेत जातं. दहा अंश डोललं की बरोबर खाली असलेला जिग फोडीच्या कडेवर, अकराव्या अंशाला बाहेर. बीम आडवा, कयाकला काटकोनात ठेवला की तेच डोलणं पसरट दिशेत जातं आणि सेन्सर ते गिळून टाकतो. मोठ्या बोटीवाल्यांना हा प्रश्न येतच नाही, म्हणून त्यांच्या कुठल्याच सल्ल्यात हे नसतं. ते नाकावर ट्रोलिंग मोटरला ट्रान्सड्यूसर लावतात आणि समोर बघतात. आपण त्यांची नक्कल करायची गरज नाही. कयाकवर सोनार बाजूला बघणारा हवा, हे माझं आता ठाम मत आहे.

उरतो दुसरा त्रास, कयाकचं तोंड फिरणं. बीम कुठेही असो, वाऱ्याने तोंड वीस अंश वळलं की फोडही तेवढीच वळणार आणि सेन्सरला याचं काही करता येत नाही. इथे एक बारीक भेद आहे. मासा जितका खोल आणि जवळ, तितका डोलण्याचा फटका. मासा जितका लांब आणि वरच्या पाण्यात, तितका तोंड फिरण्याचा. हिवाळ्यात मासे खोल आणि मी त्यांच्या जवळ, त्यामुळे डोलणं सुटलं तेव्हा बहुतेक दुखणं सुटलं. तोंड फिरण्यासाठी आता दोन ठिकाणी बांधतो: पुढून फांदीला चिमटा, मागून छोटा नांगर, दोन्ही दोऱ्या ताणून. एकाच ठिकाणी बांधलं तर कयाक त्या बिंदूभोवती हेलकावे घेत राहते. नांगर टाकताना दोर हाताशी मोकळा होईल अशीच गाठ मारायची आणि लाइफ जॅकेट अंगात, थंड पाण्यात तर नक्कीच.

पोलबद्दल. विकतचा जो पहिला माउंट घेतला होता त्याच्या प्लॅस्टिकच्या दात्यांमध्ये एवढी ढील होती की हँडल न फिरवताही खाली ट्रान्सड्यूसर पाच-सात अंश खेळायचा. वीस अंशांतले सात अंश माउंटनेच खाल्ले तर उरलं काय? तो काढला. आता अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आहे, ओळखीच्या एका वेल्डरकडून करून घेतलेला. गोल पाइप क्लॅम्पमध्ये सरकतो, चौकोनी सरकत नाही. वरच्या टोकाला बाण रंगवलाय, बीम कुठे बघतोय ते न वाकता कळतं. आणि पोल उभा आहे की नाही हे पाहायला ओळंबा: मासेमारीचीच दोरी, टोकाला एक औंसाचं शिसं. बॅटरी उजवीकडे असल्यामुळे कयाक सुरुवातीपासून उजवीकडे कललेलीच होती आणि नाकासमोर बघताना फोडही तेवढीच तिरपी. बॅटरी मधोमध सरकवली, ओळंबा पाइपला लागला. या कामाला पैसे लागत नाहीत, घरच्या अंगणातही निम्मं होतं.

हे सगळं जमल्यानंतरची पहिली सकाळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. फांदीखाली पाच-सहा ठिपके. क्रॅपी वर बघून खातो, म्हणून जिग त्यांच्या दोन फूट वरच थांबवला, अजिबात न हलवता. एक ठिपका सुटला, हळूहळू वर आला, जिगच्या खाली येऊन थांबला. पूर्वी याच क्षणी स्क्रीन रिकामी व्हायची. आता मी त्याला थांबलेला पाहत होतो. जिग दोन इंच वर उचलला, तो मागोमाग. आणखी दोन इंच. मग स्क्रीनवर दोन्ही ठिपके एक झाले आणि त्यानंतर हातात रॉड जड झाली. तेरा इंचांचा काळा क्रॅपी. आधी डोळ्यांना कळतं आणि मग हाताला, हा क्रम मी कधी अनुभवला नव्हता.

फोर्कवर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत लागलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावा लागतो, एरवीची किमान दहा इंचांची अट तेव्हा नसते. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो बहुधा जगत नाही, त्यामुळे हा नियम मला पूर्ण पटतो. दिवसाला २५ ची मर्यादा आहे, पण घरी रवा-तिखट लावून जेवढे संपतील तेवढे झाले की मी गळ गुंडाळतो. सोनार दिसायला लागल्यावर हे स्वतःला बजावणं जास्त गरजेचं आहे. अमेरिकेत मासेमारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मेजर लीग फिशिंगने २०२५ मध्ये आपल्या वरच्या टूरमध्ये दिवसातल्या एकाच पाळीत हे यंत्र वापरायची परवानगी ठेवली होती, आणि हे यंत्र किती वापरू द्यावं हा वाद लवकर संपेल असं वाटत नाही.

पवना आणि मुळशी धरणांत हा सोनार चालेल का, अशी पुण्याहून विचारणा आली होती. तिथे मरळीसाठी यात पैसे घालू नका. मरळ काठच्या गवतात असते, हवा घ्यायला वर येते, आणि दाट गवतातून सोनारला काही दिसत नाही. तिथे फ्रॉग (बेडकासारखं आमिष) आणि तुमचे डोळे पुरेसे. खोल, मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या कटल्यासाठी मात्र कल्पना चांगली आहे. कयाक उतरवायची आणि गळ टाकायची परवानगी आधी विचारून घ्या, धरणागणिक नियम वेगळे.

पुढचं. पोल फिरवायला विजेवर चालणारा टर्नर घ्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी पैसेही बाजूला काढले होते. ते आता रद्द. दोन ठिकाणी बांधल्यावर माझे पाय पेडलवरून मोकळे होतात, हे लिहिताना लक्षात येतंय, मग पोलच्या वरच्या टोकाला आडवा दांडा लावून तो पायाने का फिरवू नये? दोन्ही हात रॉडला मिळतील. वेल्डरला शनिवारी गाठतो.

दुसरी गोष्ट पर्स्पेक्टिव्ह मोडची, म्हणजे उभ्याऐवजी आडव्या बीमने बघण्याची. मार्च-एप्रिलमध्ये पाणी ६० फॅरनहाइटच्या वर गेलं की क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. तेव्हा ब्रॅकेट फिरवून फोड आडवी केली की १३५ अंश रुंदी आडवी मिळते, तोंड थोडं फिरलं तरी मासा सुटणार नाही. उथळात खोली नसतेच, वीस अंश पुरतात. पण डोलण्याचा प्रश्न तिथे नव्या रूपात येणार: कयाक डोलली की आडव्या फोडीची एक कड तळात घुसेल आणि दुसरी पृष्ठभागाला लागेल. चार फूट पाण्यात कदाचित स्क्रीनभर तळच दिसेल. पेडल कयाकवरून कुणी पर्स्पेक्टिव्ह वापरला असेल तर किती फूट पाण्यात वापरला आणि ट्रान्सड्यूसर किती बुडवला होता ते कळवा. तोपर्यंत मी सहा फुटांपासून सुरुवात करणार आहे.