हक्कसोड: सहीआधीचा हिशोब

वडिलांचे दिवस उरकतात, पाहुणे पांगतात आणि थोरला भाऊ म्हणतो, "अक्का, वारस लावायलाच चाललोय, त्याच फेरीत तुझीपण सही होऊन जाऊ दे." सही हक्कसोडीवर, म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे सोडून देण्याच्या दस्तावर. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत बोलण्याची ढब बदलते, वाक्य तेच राहतं. वर कारणही ठरलेलं: लेकीला जमिनीत वाटा देणं आपल्या धर्मात नाही.

हा धर्म तपासायला फार लांब जावं लागत नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचे नियम ज्या मिताक्षरेवरून, म्हणजे धर्मशास्त्राच्या जुन्या टीकाग्रंथावरून आले, ती विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी लिहिली. म्हणजे आजच्या बसवकल्याणला, सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने. वडिलोपार्जित मिळकतीत हक्क जन्माने मिळतो, हा तिचा गाभा. तो हक्क मुलग्यापुरता होता हे खरं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो लेकींनाही दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अटही काढली. त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी बिघडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा प्रकरणात सांगितलं. आधार तोच: जन्म. लिंगायतांचा उल्लेख तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात नाव घेऊन आहे. मुसलमान घरात लेकीचा वाटा मुलाच्या निम्मा, आणि तो शरीयतनेच ठरवलेला. तिथे बहिणीला डावललं तर ते थेट धर्माविरुद्ध जातं. तरी सही दोन्हीकडे मागतात. त्यामुळे हे धर्मापेक्षा घरच्या रिवाजाचं प्रकरण जास्त आहे, असं माझं मत.

बहिणीने हक्क सोडूच नये असं नाही. भाऊ खरंच अडचणीत असेल आणि तिला द्यायचं असेल, तर तो तिचा प्रश्न. पण किती सोडतोय ते आधी मांडावं.

वडिलोपार्जित सहा एकर, म्हणजे २४० गुंठे. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झालं असं कायदा धरतो. वडील, आई आणि तीन मुलं असे पाच वाटे, प्रत्येकी ४८ गुंठे. मग वडिलांचे ४८ उरलेल्या चौघांत, बारा-बारा. बहिणीचे झाले ६०. जुन्या रीतीत ती पहिल्या वाटपात नसायची. वडिलांच्या ६० गुंठ्यांतला चौथा हिस्सा, म्हणजे १५ गुंठे एवढंच तिला मिळायचं. "तुझे पंधरा गुंठे, त्यात काय येतंय?" हे वाक्य कानावर आलं तर हिशोब कुठल्या काळातला आहे ते ओळखावं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, लेकीचा वाटा १९५६ पासूनच मुलाएवढा आहे. "लग्नात दिलं ना" या युक्तिवादाने तो कमी होत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटप असेल तर ते आता उकरता येत नाही.

दस्ताकडे येऊ. वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत. एका फेरीत उरकायची काही गरज नाही. आधी सातबाऱ्यावर नाव लागू द्यावं. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, नुसत्या नोटरीचा कागद चालत नाही. ती सहहिस्सेदाराच्याच नावे होते. भावजयीच्या नावे लिहिली तर ते बक्षीसपत्र ठरतं आणि मुद्रांकाचा हिशोब बदलतो. गट नंबर एकेक करून वाचावेत. शेवटी "व इतर सर्व मिळकती" असं घुसवलेलं असेल तर शेताबरोबर शहरातलं घरही गेलं. "मोबदला पावला" असं लिहिलं असेल आणि पैसे मिळाले नसतील, तर ती ओळ काढायला लावावी. नंतर मन बदललं म्हणून दस्त फिरत नाही. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो, आणि "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" हे छापील वाक्य तेव्हा तिच्याच विरोधात उभं राहतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. दस्त मराठीत असतो. बहीण दिलेली असते विजयपूरला, कलबुर्गीला, नाहीतर तिचं शिक्षण तेलुगू किंवा उर्दू शाळेत झालेलं. सकाळच्या गाडीने येते, अंगठा, फोटो, सही, संध्याकाळी परत. दस्ताच्या शेवटी "मजकूर वाचून दाखवला, समजला" अशी ओळ असते. तो खरंच वाचायला लावावा, तिला कळणाऱ्या भाषेत, आणि वाचणारा भावाने आणलेला नसावा.