कापसाच्या ट्रॉलीत उडी : हिरो वाचतो का?

सिनेमात गोळी लागून माणूस चार फूट मागे उडतो, ते प्रकरण मागेच निकालात निघालं. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरने आली, तरी ७० किलोच्या गड्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर. त्यावर आता वाद नको.

सध्या हातात आहे तो आपल्या खान्देशाला शोभणारा सीन. हिरो तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकतो, खाली नेमकी कापसाची ट्रॉली उभी, आणि पठ्ठ्या कपडे झटकून पळत सुटतो. उंची १० मीटर धरली तर खाली पोचताना वेग ताशी ५० किलोमीटर. पुढचं सगळं तो किती अंतरात थांबतो त्यावर. पडण्याची उंची भागिले रुतण्याची खोली, की सरासरी किती ‘जी’चा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) झटका ते निघतं. अंगाला त्याहून एक जी जास्त जाणवतो.

चोपड्याकडे काकांच्या घरात वेचणीचा कापूस येऊन पडला होता, तिथेच प्रयोग मांडला. पाठीवर आडवा पडलेला माणूस अंदाजे पाऊण चौरस मीटर जागा व्यापतो, म्हणजे चौरस मीटरमागे शंभरेक किलो. त्याच प्रमाणात २० सेंटिमीटर तळाचा स्टीलचा डबा घेतला आणि वाळू घालून वजन ३ किलो केलं. आत स्पंजात गुंडाळलेला जुना फोन, त्यात फायफॉक्स (फोनच्या सेन्सरची मोजणी आलेखात दाखवणारं अ‍ॅप) सुरू. काका दारातून बघत होते: “हाई काय चाली ऱ्हायनं रे भो?”

२ मीटरवरून सोडल्यावर मोकळ्या ढिगात डबा ४० सेंटिमीटर रुतला. आलेखात आधी शून्य (हवेत असताना फोनला वजनच नसतं, हा भाग मला प्रत्येक वेळी मजेशीर वाटतो), मग गोलसर चढ. सरासरी ६ जी. झकास!

पण ट्रॉलीत असा मोकळा कापूस नेतो कोण? वर चढून पायाने तुडवून भरतात, नाहीतर फेरी परवडत नाही. म्हणून एका कोपऱ्यात पोरांना नाचायला लावलं आणि तिथे डबा टाकला. १५ सेंटिमीटरवर थांबला. आलेखाचं टोक १६ जीला सपाट कापलेलं, कारण फोनचा सेन्सर त्यापुढे मोजतच नाही. १० मीटरवरून हीच खोली दुप्पट धरली तरी सरासरी ३३ जी. त्यात सरकीसकट कापूस, नुसती रुई नव्हे.

हिरो पायावर उतरला तर अजून वाईट. दोन तळव्यांवर सगळा भार, तो थेट ट्रॉलीच्या पत्र्यावर. स्टंटवाले एअरबॅगवर पाठीवर पडतात ते उगाच नाही. आणि जिनिंगमधून निघालेल्या १७० किलोच्या दाबलेल्या गाठींवर उडी घेणारा सीन कोणाला दिसला, तर त्यासाठी डबा काढायचीही गरज नाही.

पुढचा नंबर नाल्यावरून बाईक उडवण्याचा. २० मीटरचा नाला, ताशी ६० चा वेग, रॅम्प नाही: पलीकडे पोचेपर्यंत गाडी ७ मीटर खाली गेलेली असते. व्हिडिओवरून रॅम्पचा कोन काढतोय.