बर्फातल्या चित्रांमधले सरपण

पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराचे १५६५ मधले ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र शुभेच्छापत्रांवर आणि दिनदर्शिकांवर इतक्यांदा छापले गेले आहे, की ते एक गोजिरे हिवाळी दृश्य आहे अशी समजूत माझ्याही मनात बराच काळ होती. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातले, १६२ सेंटिमीटर रुंदीचे हे चित्र पडद्यावर मोठे करून तुकड्यातुकड्याने पाहू लागलो, तेव्हा मात्र माझी नजर गोठलेल्या तळ्यावर खेळणाऱ्यांना सोडून सरपणाकडे वळली.

उजवीकडच्या छोट्या पुलावरून एक बाई काटक्यांची मोळी पाठीवर घेऊन वाकून चालली आहे. शेजारच्या पाणचक्कीचे चाक बर्फाने जखडले आहे, म्हणजे दळणही थांबलेले. डावीकडे सरायीसमोर काही माणसांनी मोठा जाळ केला आहे. डुकराच्या कातडीवरचे केस जाळण्यासाठी तो असावा, असे सहसा मानले जाते. सरायीचा फलक एकाच कडीवर लोंबतो आहे, आणि परतलेल्या तीन शिकाऱ्यांच्या वाट्याला आला आहे अवघा एक कोल्हा. दूरवर एका घराच्या धुराड्याला आग लागली असून माणसे शिडी लावून छपरावर चढत आहेत. ज्या थंडीत मोळीसाठी कंबर मोडते, त्याच थंडीत ऊब हाताबाहेर जाऊन घर पेटते, ही गोष्ट ब्रॉयगलने इतक्या बारीक आकारात रंगवली आहे, की छापील प्रतीत ती जवळजवळ हरवते.

त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी लिंबूर्ग बंधू या चित्रकारांनी फ्रान्समधल्या बेरी प्रांताच्या ड्यूकसाठी (म्हणजे बड्या सरदारासाठी) सजवलेल्या प्रार्थनाग्रंथात फेब्रुवारीचे पान रंगवले. तिथे शेतकऱ्याच्या घराची पुढची भिंतच काढून टाकली आहे, त्यामुळे कपडे वर सारून शेकोटीपाशी बसलेली माणसे आपल्याला सरळ दिसतात (ड्यूकला हे पाहून गंमत वाटत असणार, असा माझा कयास आहे), आणि बाहेर एक माणूस कुऱ्हाडीने झाड तोडताना दिसतो. घरातल्या शेकोटीचे मोल बाहेर कोण चुकवतो आहे, हे एकाच पानावर आले आहे.

नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावच्या हेंड्रिक आव्हरकँपला बोलता येत नव्हते आणि लोक त्याला ‘कॅम्पेनचा मुका’ म्हणत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधल्या, १६०८ च्या सुमारास काढलेल्या त्याच्या चित्रात श्रीमंत आणि गरीब एकाच बर्फावर उतरले आहेत, त्यामुळे उबेचा हिशेब अंगावरच्या कपड्यांवरूनच करावा लागतो. मेलेल्या जनावराचे लचके तोडणारा कुत्रा त्याच गर्दीच्या कडेला आहे. डाव्या कोपऱ्यात एक जुने दार पडलेले दिसते. अशा थंडीत ते जळणात कसे गेले नाही, याचे मला नवल वाटले होते. काठीवर तिरके टेकवलेले ते दार पक्षी पकडण्याचा सापळा आहे.