कसारा घाटातलं मिसिंग आणि कुजलेली अर्थ पट्टी

माझी गाडी 2007 सालची, 1.6 लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक. वजनाला हलकी, पिकअप जबरदस्त. गेल्या पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात तिनं मिसिंग मारायला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळता अडखळायला, सुरुवात केली. सपाटीला ठीक, पण चढावर पाय दाबला की हिसके आणि चेक इंजिनचा दिवा. शिवाय सकाळी सेल्फ मारला की तो दमल्यासारखा फिरायचा.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला’ असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत आणली. व्होल्टेज न मोजता ईसीएम बदलायला सांगणाऱ्याच्या हाती जुनी गाडी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नाशिकमध्ये सातपूरला एक वयस्कर वायरमन काका आहेत. त्यांनी स्कॅनर बाजूलाच ठेवला. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरली आणि म्हणाले, “मार सेल्फ.” मीटरवर एक व्होल्टच्या वर! हा फरक 0.2-0.3 च्या आत हवा. मग म्हणाले, “आता क्लचच्या केबलला हात लावून बघ.” केबल चक्क गरम. माझ्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जाते आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते, तीच अर्थ पट्टी. ती कुजली की सेल्फचा शंभराच्या वर अँपिअर करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. पट्टी सोडवली, तर टोकाला हिरवा गंज आणि जेमतेम काही तारा शिल्लक. नवी पट्टी टाकली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरनं घासली, वर ग्रीस लावलं. सेल्फ लगेच खणखणीत झाला.

मिसिंग मात्र उरलंच. स्कॅनरवर दोषाचा कोड होता पी0301, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. काकांनी पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) अदलाबदल केली, तर कोड पी0303 झाला. कॉइलबरोबर दोष सरकला, म्हणजे कॉइलच खराब. प्लग किंवा इंजेक्टर असता तर 0301 च राहिला असता. चढावरच त्रास का, हे मी विचारलं. “लोड आला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. तिथं कमजोर कॉइल उघडी पडते.” असं मिसिंग घेऊन गाडी रेटत राहिलो, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जळून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग.

हल्ली मी स्वतः मोजतो: इंजिन बंद असताना बॅटरी 12.6 च्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4. पुढचं काम सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मच्या रबरी बुशांचं आहे. गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर डावीकडून टकटक येते.